हरवलेला ‘ळ’

‘चपला बाहेर काढून आत यावे’ ही पाटी देवळाखेरीज दुसऱ्या ठिकाणी मी प्रथम वाचली ती १९९१ सालच्या जून महिन्यात, बेळगावच्या खडेबाजारातील एका कापडदुकानाच्या माडीवर. आत काचेचे दार, दाराला जाड पडदा, भिंतीत घुमणारे वातानुकूलन यंत्र आणि चार टेबलांवर चार संगणक. मी तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षात होतो. वर्ग तीन महिन्यांचा. डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस असे चार विषय. शुल्क साडेसातशे रुपये. वडिलांनी ते दोन हप्त्यांत भरण्याची सवलत मागून घेतली होती आणि पहिल्या हप्त्याची पावती आईने देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती.

त्या दिवशी घरातून निघताना आजीने हटकलेच.

‘‘सकाळच्या पारी कुठं जाऊलास रे?’’

‘‘कंप्युटर शिकायला.’’

‘‘आणि ते टायपिंग? ते सोडलंस काय?’’

टायपिंग सोडले नव्हते. उलट त्याच्या जोरावरच मी ती माडी चढत होतो. आज त्या दिवसांची हकिगत सांगायला बसलो आहे ती केवळ जुन्या आठवणींची हौस म्हणून नव्हे. त्या माडीवर मी जे शिकलो त्याने मला पोटापाण्याला लावले हे खरे. पण त्याच विद्येने माझ्या हातून आजीच्या नावातले एक अक्षर हरवले, आणि ते परत मिळण्याची वाट कोठून जाते हे समजायला मला बरीच वर्षे लागली. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत असे काही ना काही घडले असेल, म्हणून ते लिहून ठेवावेसे वाटते.

संगणकाआधी टंकयंत्राविषयी सांगितले पाहिजे. दहावी झालेल्या मुलाला टायपिंगच्या वर्गात घालणे हा त्या काळी आमच्याकडे जवळजवळ मुंजीसारखा संस्कार होता. शहापुरातल्या एका अंधाऱ्या खोलीत दहा-बारा यंत्रांचा खडखडाट पहाटे सहापासून सुरू व्हायचा. ‘ए एस डी एफ जी एफ’ हा पहिला धडा बोटे दुखेपर्यंत चालायचा. आमचे मास्तर इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांना ‘माडीवरची अक्षरे’ म्हणत. ‘‘खालचं पाहिजे तर नुसतं मार, माडीवरचं पाहिजे तर शिफ्ट दाबून मार,’’ असा त्यांचा पाठ. अक्षरांची ती विचित्र मांडणी अमेरिकेतल्या शोल्स नावाच्या गृहस्थाची. त्याचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली विक्रीला आणले, आणि तीच मांडणी जगभर रूढ झाली. आपल्या देशात गोदरेज कंपनीने १९५५ साली पहिले देशी टंकयंत्र बनवले. पुढे चाळीस-पन्नास वर्षे कचेरी म्हटली की गोदरेज किंवा रेमिंग्टन हे ठरलेलेच असे.

देवनागरीचे यंत्र मात्र हाताला अवघड. आपल्या लिपीतली सगळी अक्षरे आणि जोडाक्षरे एवढ्याशा कळफलकावर मावणार कशी? म्हणून ‘श’, ‘ण’, ‘भ’, ‘ध’ अशी अक्षरे अर्धी कापून ठेवलेली. अर्धा ‘श’ मारायचा आणि त्याला काना जोडला की तो पुरा व्हायचा. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती आधी दिसते. मराठी टंकलेखकाला अक्षर ऐकू येत नसे, त्याला त्याचे तुकडे दिसत. कन्नडच्या यंत्राची अडचण वेगळी. तिथे जोडाक्षरातले दुसरे अक्षर पहिल्याच्या पायाशी बसते. म्हणजे तात्पर्य असे, की एका यंत्राला एकच लिपी. इंग्रजीचे यंत्र इंग्रजी लिहील, मराठीचे मराठी, कन्नडचे कन्नड. भाषा बदलायची तर खुर्ची बदलायला हवी.

हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहत आलो होतो, कारण माझे धाकटे चुलते, म्हणजे आमचे तात्या, कोर्टाबाहेरच्या झाडाखाली टेबल टाकून बसत. त्यांच्याकडे मराठीचे यंत्र. शेजारच्या टेबलावर कन्नडचे यंत्र घेऊन एक गृहस्थ बसत. त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९६३ साली कन्नड ही राज्याची राजभाषा करणारा कायदा झाला, आणि कचेऱ्यांचे कागद हळूहळू कन्नडमध्ये होऊ लागले. पक्षकार मात्र खेड्यांतून येत ते मराठीतच आपले गाऱ्हाणे सांगत. मग व्हायचे असे, की तात्या अर्ज मराठीत टंकायचे, नंतर तो मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि सर ऐकत ऐकत कन्नडमध्ये टंकायचे. मध्येच सर हात थांबवून पक्षकाराकडे वळत, ‘‘आजोबा, नाव तुमच्या तोंडानं एकदा सांगा बघू.’’ नाव कानावर पडले की यंत्र पुन्हा खडखडू लागे. सीमाप्रश्नाचे मोर्चे त्या झाडासमोरून जात. ती दोन टेबले मात्र कधी एकमेकांपासून दूर सरकली नाहीत. तात्या आणि सर यांचा चहा एकाच किटलीतला होता.

ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. ती पुढे लागणार आहे.

आता माडीवर येऊ. आमच्या वर्गातले संगणक म्हणजे आजच्या मुलांना हसू येईल अशी यंत्रे. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरे. संगणक सुरू करायचा तर आधी डॉसची सव्वापाच इंची फ्लॉपी खणात सरकवायची. मग ती काढून वर्डस्टारची घालायची. त्या चौकोनी पातळ तबकडीत ३६० किलोबाइट माहिती मावे. तिला बोट लावायचे नाही, वाकवायची नाही, उन्हात ठेवायची नाही. सोवळ्यातल्या बायका परड्यात वाळत घातलेल्या लुगड्याला जशा जपत, तसे आम्ही त्या फ्लॉपीला जपत असू. एका संगणकावर तिघे. एकाने बडवायचे, दोघांनी बघायचे. अर्धे पान टंकून झाले आणि वीज गेली, की सगळे गेले. ‘‘दर दोन ओळींना कंट्रोल के एस मारा,’’ असे आमच्या शिक्षिकाबाई ओरडून सांगत. आम्ही ते दिवा गेल्यावरच आठवत असू.

वर्डस्टारमध्ये उंदीर नव्हता, म्हणजे माऊस नव्हता. वर-खाली, डावी-उजवीकडे जायचे तर कंट्रोलची कळ दाबून ई, एक्स, एस, डी. मजकुराचा तुकडा उचलायचा तर सुरुवातीला ‘के बी’, शेवटाला ‘के के’, आणि जिथे न्यायचा तिथे ‘के व्ही’. ठळक अक्षरासाठी ‘पी बी’. हे मंत्र आम्ही वहीत लिहून पाठ केले होते. रस्त्याने जातानाही माझी करंगळी आपोआप कंट्रोलची कळ दाबायला हलत असे. पण पहिल्यांदा एक अख्खा परिच्छेद वरून उचलून खाली बसवला आणि खाडाखोड कुठेच दिसेना, तेव्हा अंगावर शहारा आला तो आजही आठवतो. टंकयंत्रावर एक अक्षर चुकले तर पान फाडावे लागे, आणि कागदाचे पैसे मास्तर वेगळे घेत.

ही कार्यप्रणाली आमच्यापर्यंत आली तेव्हा जुनी झाली होती हे मला पुढे वाचनातून कळले. वर्डस्टार निघाले १९७८ साली. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन नावाच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात एक कल्पना आली. प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत होते. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे काम यंत्राने आपोआप का करू नये? त्यातून १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ हा वैयक्तिक संगणकावरचा पहिला कोष्टकाचा प्रोग्रॅम झाला, आणि १९८३ साली त्याच वळणाचा ‘लोटस वन टू थ्री’ आला. आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पोरांना लोटस म्हणजे साक्षात्कारच होता. वडील एका अडत दुकानात दिवाणजी. वर्षअखेरीला ताळेबंद जुळला नाही की रात्र रात्र खतावणी उलटीपालटी करीत बसत. मी लोटसमध्ये एका रकान्यातला आकडा बदलला आणि तळाची बेरीज डोळ्यांदेखत बदलली, तेव्हा मला प्रथम वडिलांचे तांबारलेले डोळे आठवले.

आमच्या गावात एकाएकी हे वर्ग का निघाले, यालाही कारण होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि संगणकांची आयात व निर्मिती सैल केली. बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी डॉ. रंगराजन यांच्या समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली अहवाल दिले. बँकांतल्या संघटनांचा विरोध होता. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. पण दहावी-बारावीच्या पालकांनी त्यातून एवढेच घेतले, की यापुढे बँकेत शिरायचे तर संगणक यायला हवा. सीमाभागातल्या मराठी घरांत या विचाराला आणखी एक धार होती. कन्नडची परीक्षा नसेल तर इथल्या सरकारी नोकरीत अडचण, आणि कोल्हापूर-पुण्याला गेले तर परराज्यातले म्हणून अडचण. संगणक इंग्रजीत चालतो. इंग्रजी कोणाच्याच बापाची नाही. दोन भाषांच्या भांडणातून सुटण्याची ही वाट आहे, असे आमच्या वडिलांना वाटले, आणि मलाही वाटले. त्या माडीवर मराठी आणि कन्नड घरांतली मुले शेजारी शेजारी बसून इंग्रजी आज्ञा पाठ करीत होती. दोघांच्याही लिपीला त्या खोलीत जागा नव्हती, आणि त्याचे आम्हांला काही वाटतही नव्हते.

१९९२ च्या उन्हाळ्यात मला पहिले काम मिळाले. आमच्या भागातल्या एका सहकारी सोसायटीला सभासदांची यादी संगणकावर घ्यायची होती. चारशेच्या वर सभासद. सोसायटीची मूळ वही मराठीत, सुंदर वळणदार अक्षरांत लिहिलेली. त्यावरून सभासदाचे नाव, वारसाचे नाव, गल्ली, भागभांडवल असे रकाने करून डीबेसमध्ये भरायचे. तेरा दिवस मी ते काम करीत होतो. यंत्राला इंग्रजी तेवढे कळे, म्हणून नावे इंग्रजी अक्षरांत. शेवटी ‘लिस्ट’ ही आज्ञा दिली आणि यादी सरसर वर सरकू लागली, तेव्हा चेअरमननी पेढे मागवले. आजोबा सभासद होते. त्यांचे नाव मी त्यांना पडद्यावर दाखवले. ते चष्मा काढून जवळ गेले आणि म्हणाले, ‘‘चांगलं दिसतंय. मला वाचता येत नाही, पण चांगलं दिसतंय.’’

आजोबा पुढच्या वर्षी, १९९३ च्या श्रावणात गेले. सोसायटीतली त्यांची ठेव आठ हजारांची. वारस म्हणून आजीचे नाव. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि त्या पैशांतून दिवाळीआधी एका डोळ्याचे ऑपरेशन करायचे ठरले होते. आजीला घेऊन मी गेलो. कागद तपासणारे कारकून थांबले. माझ्या इंग्रजी यादीवरून सोसायटीने कचेरीला सादर करण्यासाठी कन्नड यादी करून घेतली होती. तीत वारसाचे नाव होते ‘कमला’. आजीच्या शिधापत्रिकेवर, कन्नडमध्येच, लिहिले होते ‘कमळा’. नावे जुळत नव्हती.

आजीचे नाव कमळाबाई. जन्मल्यापासून कमळा. शिधापत्रिका लिहिणाऱ्याने दारात उभे राहून तिला नाव विचारले होते आणि कानांनी ऐकून लिहिले होते. म्हणून ते बरोबर उतरले. मी वहीतला ‘ळ’ डोळ्यांनी पाहिला, आणि इंग्रजीत त्याला अक्षर नाही म्हणून ‘एल’ टंकला. पुढच्या माणसाने ‘एल’ पाहिला आणि ‘ल’ लिहिला. त्याची काय चूक? मराठीतला ‘ळ’ कन्नडमध्ये जायचा होता, जिथे ‘ळ’साठी स्वतंत्र अक्षर आहे. मधल्या मुक्कामावर मात्र तो उतरवून ठेवला गेला, आणि तो उतरवणारा मी होतो.

आजी म्हणाली, ‘‘माझं नाव कमळा. कमला कोण ती मला काय ठाव?’’

कारकून कन्नड भाषक होते, मनाने चांगले होते. त्यांनी माझी यादी आणि शिधापत्रिका शेजारी शेजारी ठेवली आणि हसले. ‘‘अज्जी, ळ तर आमच्यातबी आहे की. ह्यो सगळा इंग्लिशचा घोळ. पण मला कागद पाहिजे बघा, कागदाशिवाय जमत नाही.’’

मग प्रतिज्ञापत्र आले. ‘कमला’ व ‘कमळा’ ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे स्टँपपेपरवर लिहून द्यायचे. ते कोर्टाबाहेरच्या झाडाखाली तात्यांनी मराठीत टंकले आणि मोठ्याने वाचले. शेजारी सरांनी ते कन्नडमध्ये टंकले. सरांनी आजीला नेहमीप्रमाणे विचारले, ‘‘अज्जी, नाव तुमच्या तोंडानं सांगा बघू.’’ आजीने सांगितले. एक अक्षर चुकले नाही. पण सही-शिक्के, हेलपाटे आणि सुट्ट्या यांत तीन महिने गेले. ऑपरेशन संक्रांतीनंतर झाले. त्या दिवाळीला आजीने रांगोळी काढली ती अंदाजाने, हात फिरेल तशी. मी पाहत उभा होतो.

तात्या मला एका शब्दानेही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘तुझं यंत्र फार शहाणं आहे. त्याला ऐकू येत नाही, एवढंच.’’

१९९४ साली नोकरीच्या शोधात पुण्याला गेलो असताना एका ओळखीच्यांच्या कचेरीत मी एक संगणक पाहिला. तोच काळा पडदा, तेच डीबेस. पण पडद्यावर देवनागरी अक्षरे. यंत्राच्या पोटात एक जादा कार्ड बसवले होते, त्याचे नाव ‘जिस्ट’. ते वापरणाऱ्या गृहस्थांनी एक नाव टंकले, मग एक-दोन कळा दाबून लिपी बदलली. तेच नाव गुजरातीत आले. पुन्हा बदलली, बंगालीत आले. मी म्हणालो, ‘‘कन्नड आहे?’’ कन्नडही होती. मी त्यांना ‘कमळा’ लिहायला सांगितले. ‘ळ’ जसाच्या तसा पलीकडे गेला. मला तेथे खुर्चीवर बसावे लागले.

ही सगळी करामत कोठून आली ते मी नंतर शोधून वाचले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आधीच सुरू झाले होते. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. ‘परम’ महासंगणकामुळे तिचे नाव सगळ्यांना माहीत झाले. पण कानपूरला ते लिपीचे काम करणारे मोहन तांबे आणि त्यांचे जिस्ट तंत्र याच संस्थेत आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या कामामागची दृष्टी साधी आणि खोल होती. भारतातल्या बहुतेक लिप्या ब्राह्मीच्या लेकी. वळणे वेगळी, पण वर्णमाला एक. क, ख, ग, घ, ङ हा क्रम मराठी शाळेतही तोच आणि कन्नड शाळेतही तोच. मग संगणकाला अक्षराचा आकार कशाला शिकवायचा? त्याला वर्ण शिकवावा. आकार तो मागाहून हव्या त्या लिपीत काढील. या तत्त्वावर ‘इस्की’ ही संकेतावली झाली आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तिला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली.

कळफलकही तसाच केला. त्याचे नाव इन्स्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. अर्धी अक्षरे कापून ठेवण्याची गरजच नाही. क, मग हलन्त, मग क, असे बोलण्याच्या क्रमाने मारले की ‘क्क’ यंत्र स्वतः जोडते, मराठीत मराठीच्या रीतीने आणि कन्नडमध्ये पायाशी. वेलांटी अक्षराच्या नंतर, कारण उच्चारात ती नंतर येते. ‘क’च्या कळीवरच माडीवर ‘ख’, ‘ग’च्या माडीवर ‘घ’. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांची कळ एकच. ‘पाटील’ हे आडनाव आमच्या भागात मराठी घरातही आहे आणि कन्नड घरातही. ते इन्स्क्रिप्टवर दोन्ही लिप्यांत त्याच पाच कळांनी, त्याच क्रमाने लिहिले जाते. कोर्टाबाहेरच्या त्या दोन टेबलांवरची दोन यंत्रे एका यंत्रात आली होती, आणि त्या यंत्राला ऐकूही येत होते.

१९९१ हेच साल. मी चपला काढून माडीवर ‘कंट्रोल के एस’ पाठ करीत होतो त्याच साली. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी युनिकोड या नव्या संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली, आणि तिने आपल्या लिप्यांची मांडणी इस्कीवरून घेतली. युनिकोडात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि कन्नड ‘क’चा ३२२१. अंतर ८९६. ‘म’चे क्रमांक २३५० आणि ३२४६, अंतर तेच. देवनागरी ‘ळ’ २३५५ आणि कन्नड ‘ळ’ ३२५१, पुन्हा ८९६. प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक गल्ली दिली आहे, आणि देवनागरीच्या गल्लीपासून सातवी गल्ली कन्नडची. दोन्ही गल्ल्यांत ‘ळ’चे घर त्याच जागी आहे. अर्थात सगळेच इतके सरळ नाही. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ ही दोन निराळी अक्षरे आहेत, आपल्याकडे एकच. म्हणून ‘बेळगाव’मधला ‘बे’ पलीकडे नेताना माणसाला स्वतः ठरवावे लागते. पण ‘ळ’ हरवण्याचे काही कारण नव्हते.

मग आमच्यापर्यंत हे पोहोचले का नाही? एक तर जिस्ट कार्ड महाग होते, आणि छोट्या गावातल्या वर्गांना ते परवडणारे नव्हते. दुसरे, विंडोज आल्यावर बाजारात भारतीय लिप्यांच्या अक्षरसंचांची गर्दी झाली आणि प्रत्येक कंपनीची संकेतावली निराळी. एका संचात लिहिलेला मजकूर दुसऱ्या संचात उघडला की चिन्हांचा कचरा दिसे. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, २००१ च्या विंडोज एक्सपीत कन्नड आली, तेव्हा कोठे सामान्य संगणकावर युनिकोडाने लिहिणे शक्य झाले. त्याच २००१ साली महाराष्ट्रात ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि पुढे एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. म्हणजे इस्कीची मान्यता आणि सामान्य विद्यार्थ्याचा हात, यांत दहा वर्षांचे अंतर पडले.

पण तिसरे कारण आमचे आम्हीच. इथे दुकानांच्या पाट्यांवर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावर किती डोकी फुटली हे सर्वांना माहीत आहे. ते प्रश्न खोटे होते असे मी म्हणणार नाही. ज्याच्या भाषेतला कागद त्याला मिळत नाही, त्याचे दुःख मी आजीच्या रूपाने घरात पाहिले आहे. पण कळफलक कोणत्या भाषेचा, हे विचारायला मराठीवालेही आले नाहीत आणि कन्नडवालेही आले नाहीत. नोकरी देणाराला इंग्रजी हवी होती, शिकवणाराला इंग्रजी येत होती, आणि शिकणाऱ्या आम्हांला आपली भाषा त्या वातानुकूलित खोलीत न्यायची थोडी लाजच वाटत होती. ती लाज चपलांबरोबर बाहेर ठेवायला हवी होती. आम्ही भाषाच बाहेर ठेवली.

श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी शिलालेख आहेत. चावुंडरायाने ती मूर्ती करविली हे तेथे कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरले आहे. मराठीतले ते फार जुने लेखन म्हणून आपण शाळेत त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. मी तेथे गेलो तेव्हा माझे लक्ष दुसरीकडे गेले. तीन भाषांच्या तीन वाचकांसाठी तीन ठिकाणी कोरण्याची तसदी त्या काळच्या लोकांनी घेतली. एकाचे दुसऱ्याला तिसऱ्याकडून सांगितले नाही. आणि त्या गावाच्या नावातच दोन ‘ळ’ आहेत. परतताना रेल्वेच्या तिकिटावर इंग्रजीत ते नाव वाचले. दोन्ही ‘ळ’ गेलेले होते.

आजी १९९९ साली गेली. डावा डोळा शेवटपर्यंत चांगला होता. तात्यांचे यंत्र आमच्या माळ्यावर आहे; गोदरेजने टंकयंत्रे करणे २००९ च्या सुमारास थांबवले, त्याच्या आधीच तात्यांनी झाडाखालचे टेबल उचलले होते. मी अजून हिशेबाचेच काम करतो. लोटस गेले, त्याच्या जागी एक्सेल आले, पण बेरीज आपोआप बदलते तेव्हा मला अजून वडीलच आठवतात.

गेली काही वर्षे रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या वाचनालयात मी मुलांना संगणक शिकवतो. शुल्क नाही. दोन्ही भाषांच्या घरांतली मुले येतात. पत्र लिहिणे, कोष्टक करणे, यादी करणे, असे कचेरीतले साधेच काम. फोनवर ती इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहितात, झरझर लिहितात. त्याला माझी ना नाही. पण इन्स्क्रिप्ट मी शिकवतोच, आणि यादीचा धडा आला की एक नियम सांगतो : नाव कागदावरून उतरवायचे नाही, आधी माणसाला विचारायचे. म्हणून पहिला गृहपाठ असा, की घरी जाऊन आजीला तिचे पूर्ण नाव तिच्या तोंडाने सांगायला लावायचे, आणि पुढच्या रविवारी ते आधी एका लिपीत आणि मग दुसऱ्या लिपीत लिहायचे.

परवा एक आठवीतली मुलगी बराच वेळ कळफलकावर काहीतरी शोधत होती. मान वर न करता तिने विचारले, ‘‘काका, ळ कुठं आहे?’’

‘‘ल च्याच घरात,’’ मी म्हणालो. ‘‘माडीवर.’’